एनपीटेलचा नेटवर्क प्रोटोकॉल अभ्यासक्रम: नोंदणी दोनदा करावी लागते

'सर, बाराही असाइनमेंट वेळेत दिल्या, मग हॉल तिकीट का नाही आलं?' हा प्रश्न दर सत्रात कुणीतरी विचारतोच. कारणही ठरलेलं असतं. त्याने अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेलं असतं, पण परीक्षेचा अर्ज भरलेलाच नसतो.

इथे मी आयआयटी खरगपूरच्या सौम्यकांती घोष आणि संदीप चक्रवर्ती यांच्या 'कंप्युटर नेटवर्क्स अँड इंटरनेट प्रोटोकॉल' या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाबद्दल लिहितो आहे. तो एनपीटेलचा, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचा आहे आणि 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण पोर्टलवर असतो. सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै. मात्र प्रत्येक अभ्यासक्रम प्रत्येक सत्रात लागतोच असं नाही, म्हणून आधी यादी बघा.

पात्रतेची अट जवळपास नाहीच. पदवी, टक्केवारी, वय यांतलं काही विचारत नाहीत. डिप्लोमावाल्यानेही बसावं, नोकरी करणाऱ्यानेही. बायनरी गणित आणि थोडं सी प्रोग्रॅमिंग येत असेल तर सॉकेटच्या (प्रोग्रॅममधून नेटवर्कशी जोडणी करण्याच्या) भागात अडखळायला होत नाही. शिकवणं नेटवर्कच्या वरच्या थरातून खाली जातं: आधी वेबपानं मागवणारं एचटीटीपी आणि साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस, मग माहिती नीट पोहोचवणारं टीसीपी, मग पत्त्यानुसार ती पुढे नेणारं आयपी. मला हा क्रम आवडतो. पॅकेट (माहितीचा तुकडा) हरवलं तर पुन्हा कोण पाठवणार, समोरचा हळू असेल तर वेग कुणी कमी करायचा, हे प्रश्न आधी पडतात आणि स्लायडिंग विंडो (पोच येण्याआधी किती माहिती पाठवायची याची सरकती मर्यादा) त्यांचं उत्तर म्हणून समोर येते.

पहिली नोंदणी फुकट आहे. ईमेलने खातं उघडा आणि अभ्यासक्रमात सामील व्हा. कागद एकही लागत नाही. दुसरी नोंदणी परीक्षेची. तिचा अर्ज वेगळा, शेवटची तारीख वेगळी आणि शुल्क १००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ते निम्मं, पण त्यासाठी प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं. शिवाय फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. परीक्षेचं शहर निवडताना घाई करू नका. नावही ओळखपत्रावर आहे तसंच टाका, कारण अर्जातलंच नाव प्रमाणपत्रावर छापलं जातं. 'राहुल' आणि 'राहूल' यांच्या रोमन स्पेलिंगवरून पुढे नोकरीच्या वेळी कटकट होते.

परीक्षा ३ तासांची, केंद्रावर जाऊन द्यायची. घरून देता येत नाही. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ फोटो ओळखपत्र सोबत हवं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

गुणांचा हिशेब नीट समजून घ्या. १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी २५ गुणांत मोजतात, परीक्षा ७५ गुणांत. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही स्वतंत्रपणे हवेत. असाइनमेंटमध्ये २३ आणि परीक्षेत २८ मिळाले तर बेरीज ५१ होते, तरी प्रमाणपत्र नाही. मित्राची उत्तरं उतरवणारे नेमके इथेच सापडतात. सबनेट मास्क (आयपी पत्त्यातला नेटवर्कचा भाग दाखवणारा आकडा) आणि विंडो साइझची गणितं स्वतः केलेली नसली की ७५ पैकी ३०सुद्धा लांब वाटतात.

कॉलेजात क्रेडिट (श्रेयांक) घ्यायचे असतील तर १२ आठवड्यांचे ३ क्रेडिट होतात. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. ही मुभा आहे, सक्ती नव्हे. शेवटी तुमचं विद्यापीठ काय म्हणतं त्यावर सगळं अवलंबून. म्हणून सत्र सुरू होण्याआधीच विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या, हा विषय तुमच्या कोणत्या विषयाऐवजी धरणार ते त्यात लिहून घ्या. क्रेडिट जमा होण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं. ते डिजिलॉकरमधून आधार वापरून उघडता येतं. आधारवरचं नाव आणि परीक्षेच्या अर्जातलं नाव तेव्हाच पडताळून पाहा.