ड्रोनचा पायलट दूर बसतो, अडचण तिथूनच सुरू होते

अमेरिकेचं रीपर ड्रोन अफगाणिस्तानवर उडायचं आणि चालवणारी टीम अमेरिकेत नेवाडातल्या क्रीच तळावर बसलेली असायची, हे वाचलं की वाटतं आता विमानात माणूस बसवायचाच कशाला. पण ते मधलं अंतर असं सहज मिटत नाही हो. कमांड आधी फायबर केबलने जर्मनीतल्या रामस्टाइन तळावर जायची, तिथून ३५,७८६ किमीवरच्या सॅटेलाइटकडे, मग खाली ड्रोनकडे, आणि ड्रोनला जे दिसलं ते परत त्याच रस्त्याने यायचं, म्हणजे नुसता सॅटेलाइटचाच एक फेरा जवळजवळ दीड लाख किमीचा. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद लागतोच, वर व्हिडिओ कॉम्प्रेस करणं, एन्क्रिप्शन वगैरेचा वेळ वेगळा.

रस्त्यावरच्या गाडीवर तासन् तास नजर ठेवायची तर या उशिराने फार बिघडत नाही. लँडिंगला मात्र बिघडतं. वाऱ्याने नाक खाली गेलं, पायलटला ते उशिरा दिसलं, त्याने स्टिक ओढली तोवर नाक आपोआप वर आलेलं, आता ते जास्तच वर जातं, मग तो परत खाली दाबतो आणि विमान हेलकावे खायला लागतं. म्हणून बरीच वर्षं टेकऑफ-लँडिंगसाठी धावपट्टीजवळ वेगळी टीम ठेवावी लागायची, थेट रेडिओ लिंकवाली.

हवेतल्या लढाईत तर विचारूच नका. डिसेंबर २००२ मध्ये इराकवर अमेरिकेच्या प्रेडेटर ड्रोनने इराकी मिग-२५ लढाऊ विमानावर स्टिंगर मिसाइल सोडलं होतं, ते लागलं नाही आणि प्रेडेटरच पडलं. कॅमेऱ्यातून समोरचा छोटा तुकडा दिसतो, मागून कोण येतंय ते कळत नाही, आणि ही विमानं हळू असतात ती वेगळीच.

माझ्या मते खरा प्रश्न समोरच्याकडे एअर डिफेन्स आहे की नाही हा आहे. जून २०१९ मध्ये इराणने होर्मुझजवळ अमेरिकेचं ग्लोबल हॉकसारखं प्रचंड महागडं ड्रोन मिसाइलने पाडलं. युक्रेनमध्ये २०२२ च्या सुरुवातीला बायरक्तार टीबी२ या तुर्की ड्रोनची खूप चर्चा झाली, पण रशियाची रडार-मिसाइल यंत्रणा नीट बसल्यावर फ्रंटवर त्याचा वापर एकदम कमी झाला.

त्यात जॅमिंग, म्हणजे सिग्नल दाबून टाकणं. जीपीएसचा सिग्नल २०,००० किमीवरून येतो, जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळचा साधा जॅमरसुद्धा तो झाकून टाकतो. ड्रोन चालवायची रेडिओ लिंकही अशीच जॅम करता येते. त्यावर उपाय म्हणून युक्रेनमध्ये आता छोटी ड्रोन चक्क फायबर ऑप्टिक केबल मागे सोडत उडवतात, ती जॅम होत नाहीत, पण केबल संपली की ड्रोनची झेप संपली, आणि झाडात अडकून तुटली तर त्याआधीच.