समस्थानिके आणि समभारिके: मिसळली तर वेगळी कशी करायची?

दोन्ही शब्द ‘सम’नेच सुरू होत असल्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री यांची हटकून अदलाबदल होते. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात: अणुअंक (प्रोटॉनांची संख्या) सारखा ती समस्थानिके, अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) सारखा ती समभारिके. पण पाठ केलेलं ऐन वेळी उलटंही आठवतं. त्यापेक्षा मला एक प्रश्न जास्त उपयोगी वाटतो. असे दोन अणू एकमेकांत मिसळले, तर ते वेगळे कसे काढणार?

युरेनिअम-२३५ आणि युरेनिअम-२३८ घ्या. दोघांच्याही केंद्रकात ९२ प्रोटॉन. न्यूट्रॉन मात्र एकात १४३, दुसऱ्यात १४६. प्रोटॉन तेवढेच म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉनही तेवढेच, आणि रासायनिक अभिक्रिया हा सगळा इलेक्ट्रॉनांचा कारभार. त्यामुळे जे आम्ल एकाला विरघळवतं ते दुसऱ्यालाही विरघळवतं. एकाचा साका बसला की दुसऱ्याचाही बसतो. आवर्तसारणीत दोघांना घर एकच, म्हणून तर नाव ‘समस्थानिक’. ‘आयसोटोप’ हा मूळ शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये रूढ केला, त्याचाही अर्थ हाच.

रसायनाने हात टेकले की उरतं वजन. निसर्गातल्या युरेनिअममध्ये २३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. ते वाढवण्यासाठी युरेनिअमचं हेक्साफ्लोराइड (फ्लोरिनबरोबरचं संयुग) करून तो वायू प्रचंड वेगाने फिरवतात. जड रेणू कडेला सरकतात, हलके मध्याकडे राहतात. फ्लोरिनचं निसर्गात एकच समस्थानिक सापडतं, ही इथे मोठीच सोय. रेणूंच्या वजनातला फरक सगळा युरेनिअमचा. तरी तो किती, तर ३४९ आणि ३५२! एक टक्कासुद्धा नाही. म्हणून एका यंत्रातून निघालेला वायू दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, असं लांबलचक रांगेतून न्यावं लागतं.

हायड्रोजनची गोष्ट थोडी निराळी, कारण ड्युटेरिअम हे त्याचं समस्थानिक साध्या हायड्रोजनच्या जवळजवळ दुप्पट जड. त्याचं जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठतं आणि त्या बर्फाचा खडा साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, थेट तळ गाठतो.

आता समभारिके. अरगॉन-४०, पोटॅशिअम-४०, कॅल्शिअम-४०. प्रोटॉन अनुक्रमे १८, १९, २०. न्यूट्रॉन २२, २१, २०. बेरीज तीच, स्वभाव मात्र तीन टोकांना. अरगॉन कुणाशी सहसा संयोग करत नाही, पोटॅशिअम पाण्यात पडताच पेट घेतं, कॅल्शिअम हाडांत जाऊन बसतं. यांना वेगळं करायला रसायन लागतं. तराजू इथे फसतो.

यातलं पोटॅशिअम-४० किरणोत्सारी आहे. त्याचे सुमारे ८९ टक्के अणू कॅल्शिअम-४० होतात, उरलेले अरगॉन-४०. हवेतला बहुतेक सगळा अरगॉन असाच तयार झालेला आहे. (समस्थानिक म्हणजे किरणोत्सारीच, हा गैरसमज मात्र सोडा. कार्बन-१२ हेही समस्थानिकच आहे आणि ते पूर्ण स्थिर आहे.)

खरी गंमत कार्बन-१४ची. ते कार्बन-१२चं समस्थानिक आणि त्याच वेळी नायट्रोजन-१४चं समभारिक. त्याच्या केंद्रकात ६ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, आणि ७-७ची जोडी जमून नायट्रोजन-१४ तयार! अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू असे बदलायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. म्हणूनच जुन्या लाकडाचं, हाडांचं वय काढायला ते कामी येतं.

पण मोजणार कसं? हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४चा अणू लाख कोटीत एखादाच. कार्बन-१२ आणि १३ वजनावरून बाजूला काढता येतात. नायट्रोजन-१४ नाही, कारण त्याच्या आणि कार्बन-१४च्या वजनातला फरक लाखात एखाद्या भागाएवढा. त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते: अणू वजनावरून वेगळे करणाऱ्या यंत्रात शिरतानाच अणूंना एकेक जादा इलेक्ट्रॉन देऊन ऋण आयन करतात. कार्बन तो इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. नायट्रोजनला तो धरवत नाही, आणि तो दारातच गळतो.