कचेरी-आवार (कोकण)

महसूल, पोलीस, कोषागार, नगरपालिका, अग्निशमन अशी लोकांच्या नित्य गरजेची आणि सुरक्षिततेची कार्यालये एकाच कुंपणात वसवण्याची पद्धत. सरकारी कागदांत ‘प्रशासकीय संकुल’ वा ‘मध्यवर्ती प्रशासकीय इमारत’. बोलण्यात मात्र ‘कचेरी’च.

‘कचेरी’ हिंदी ‘कचहरी’मार्गे मराठीत आली असावी. तिच्या जोडीच्या ‘चावडी’ची व्युत्पत्ती अधिक वादग्रस्त आहे. काहीजण ती संस्कृत ‘चतुर्वाट’पर्यंत नेतात, काही कन्नड-तेलुगूतील ‘चावडि’कडे बोट दाखवतात. दक्षिणेतील प्रसार पाहता दुसरे मत सोडून देण्याजोगे नाही. वसुली, पंचायत आणि पहारा एका छपराखाली, हे चावडीचे रूप देशावर ठळक होते. दक्षिण कोकणात वसुली बहुतांशी खोताकडे (गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मध्यस्थाकडे) असल्याने ते तितके ठळक नसावे. तेथे बरेचसे काम खोताच्या ओटीवरच उरकत असे. खोती 1949 च्या कायद्याने संपुष्टात आली.

आवाराचा उगम कोणी पेशवाईतील कमाविसदाराच्या (महसूल अधिकाऱ्याच्या) कचेरीत शोधतात, कोणी 1818 नंतरच्या इंग्रजी व्यवस्थेत. किनाऱ्यापुरते बोलायचे तर कोट-किल्ल्यांचा धागा अधिक पटतो. सरकारी पैशाला पहारा लागतो आणि पहाऱ्याला भिंत. ती कोटात आयतीच मिळे. अलिबागचा हिराकोट कान्होजी आंग्रे यांनी 1720 च्या सुमारास बांधला. तेथे पुढे कारागृह आले. ठाण्याच्या किल्ल्यातही कारागृहच आहे. दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे आधी बाणकोटला होते, ते 1822 मध्ये रत्नागिरीला हलवले गेले.

तालुक्याच्या गावी याच रचनेची छोटी आवृत्ती दिसते. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, मधल्या चौकात झेंड्याचा खांब. एका अंगाला मामलेदार, दुसऱ्या अंगाला फौजदार, मध्ये उपकोषागार आणि गजाआडची कोठडी. तिजोरीवरचा पोलीस कोठडीवरही लक्ष ठेवी, ही त्यातील खरी काटकसर. मुंबई राज्यात 1951 च्या कायद्याने न्यायदान महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे झाले, तरी अनेक ठिकाणी न्यायालय त्याच आवारात राहिले. फाटकाबाहेरचे मुद्रांक विक्रेते, अर्ज लिहिणारे आणि चहाची टपरी यांना आराखड्यात सहसा जागा नसते. पक्षकार मात्र आधी तेथेच पोहोचतो.

आज असे आवार आखताना अडचण मालकीची असते. पोलीस राज्य शासनाचे. पाणीपुरवठा आणि अग्निशमन बंब नगरपरिषदेचे (1965 चा अधिनियम). आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली (2005 चा कायदा). जागेचे आरक्षण 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील विकास आराखड्यात पडते. कुंपण एक आणि खाती अनेक असल्याने सामाईक रस्ता व गटार कोणी दुरुस्त करायचे, हा प्रश्न इमारतीपेक्षा जास्त टिकतो.

मोठ्या प्रमाणावरील दोन उदाहरणे. रत्नागिरीतून 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय जुन्या कोणत्याही शहराला न देता ओरोसला सिंधुदुर्गनगरी वसवली गेली. नाव मालवणच्या जलदुर्गाचे, जागा मात्र महामार्गालगतची. कार्यालये आली, पण वस्ती त्या मानाने जमली नाही. बरेच कर्मचारी कुडाळ-कणकवलीहून ये-जा करतात. 1 ऑगस्ट 2014 रोजी झालेल्या पालघर जिल्ह्याचे संकुल कोळगाव येथे सिडकोने उभारले.

किनाऱ्यावर खरी कसोटी उंचीची. जुनी गावे खाडीच्या बंदराभोवती वाढल्याने कचेऱ्याही सखलात आल्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा एसटी आगाराची रोकड बसच्या टपावर बसून सांभाळावी लागली. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. त्याखेरीज किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध (प्रथम 1991) आहेतच. निळ्या रेषेबाहेर पडले की जागा योग्य, असे मानण्याकडे कल दिसतो. बंब, नियंत्रण कक्ष आणि जनित्र यांच्यासाठी लाल रेषाच धरणे अधिक सयुक्तिक. मात्र सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) गेल्यास पाणी वर चढवावे लागते आणि बाजारापासूनचे अंतर वाढते. बंबाला स्वतंत्र फाटक हवे, कारण दाखल्यांच्या दिवसांत मुख्य फाटक दुचाक्यांनी भरलेले असते.