टिपेतला प्रकार-क्रमांक आणि सामाईक टेबल: सारख्या दिसणाऱ्या दोन रचना

दिंडोरी-निफाडकडची द्राक्षे निर्यात करणाऱ्या पॅकहाउसच्या डेटाबेसमध्ये शेतकरी, प्लॉट, पॅलेट आणि कंटेनर अशी निदान चार टेबले असतात आणि त्यांतल्या कोणत्याही रेकॉर्डला टीप जोडण्याची वेळ येते. कधी प्लॉटच्या नावे ‘शेवटच्या फवारणीनंतरचे दिवस भरलेले नाहीत’, तर कधी कंटेनरच्या नावे ‘तापमान पुन्हा तपासावे’. यासाठीच्या दोन रचना कागदावर जवळपास सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत ‘प्रकार’ आणि ‘क्रमांक’ असे कॉलम असतात. मात्र ते कोणत्या टेबलात आहेत, यावर टिपेच्या खरेपणाची हमी कोण देणार हे ठरते.

पहिली रचना पॉलिमॉर्फिक असोसिएशन या नावाने ओळखली जाते. तिच्यात टिपेच्या ओळीतच ‘प्लॉट’ हा प्रकार आणि ४१२ हा क्रमांक लिहिला जातो. रेल्स, जँगो, लाराव्हेल या वेब-फ्रेमवर्कांत ही सोय तयार मिळते, म्हणून ती पटकन उभी राहते. पण फॉरेन की, म्हणजे इथे लिहिलेला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरोखर आहे याची खात्री करणारे डेटाबेसचे बंधन, ठरलेल्या एकाच टेबलाशी बांधता येते. जो क्रमांक एका ओळीत प्लॉटचा आणि दुसऱ्या ओळीत कंटेनरचा असतो, त्यावर ती लावताच येत नाही. त्यामुळे प्लॉट काढून टाकला तरी त्याची टीप मागे उरते आणि डेटाबेस हरकत घेत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीपर्यंत इनोडीबी या त्याच्या साठवण-इंजिनमध्ये आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची मोजणी केवळ मेमरीत राहत असे. सर्वांत मोठ्या क्रमांकाची ओळ काढून सर्व्हर पुन्हा सुरू केला, की तोच क्रमांक नव्या ओळीला मिळू शकत असे. अशा वेळी जुन्या ४१२ ची फवारणीची टीप दुसऱ्याच शेतकऱ्याच्या प्लॉटखाली दिसू लागते, आणि हे मला फार गंभीर वाटते. ८.० पासून ही मोजणी टिकवली जाते, तरी निराधार टिपा उरतातच.

दुसऱ्या रचनेत ‘घटक’ असे एक सामाईक टेबल असते. प्लॉट असो वा कंटेनर, प्रत्येकाची ओळ आधी ‘घटक’मध्ये पडते, तिथला क्रमांकच त्याचा क्रमांक होतो आणि टिपेची फॉरेन की फक्त ‘घटक’कडे जाते. ‘प्रकार’ हा कॉलम टिपेत नसून ‘घटक’मध्ये असतो. एकच घटक प्लॉट आणि कंटेनर असा दोन्हीकडे नोंदला जाऊ नये, यासाठी ‘घटक’मध्ये क्रमांक व प्रकार या जोडीवर युनिक (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारे) बंधन घालावे, प्लॉटच्या टेबलातही प्रकाराचा कॉलम ठेवून तो ‘प्लॉट’च असल्याची चेकने (कॉलममधली किंमत अटीत बसते का हे पाहणाऱ्या बंधनाने) खात्री करावी आणि फॉरेन की त्या जोडीवर लावावी. मायएसक्यूएल ८.०.१६ पूर्वी चेक वाचून सोडून देत असे, हे इथे ध्यानात असू द्यावे. ओळ काढताना ‘घटक’मधली काढावी, म्हणजे कॅस्केडने (मूळ ओळीबरोबर तिच्याशी जोडलेल्या ओळीही काढणाऱ्या फॉरेन कीच्या नियमाने) प्लॉट आणि टिपा दोन्ही जातात, फक्त प्लॉटची ओळ काढली, तर घटक आणि टिपा तशाच राहतात.

टेबले दोन-तीनच असतील, तर प्रत्येकासाठी टिपांचे वेगळे टेबल करणे सर्वांत सोपे आणि तितकेच सुरक्षित असते. ज्या टिपेवर माल पाठवायचा की थांबवायचा हे ठरते, तिच्यासाठी पहिली रचना मी निवडणार नाही. ती आधीच वापरात असेल, तर प्रत्येक प्रकारासाठी टिपांचा मूळ टेबलाशी लेफ्ट जॉइन (जोडीदार नसला तरी प्रत्येक टीप दाखवणारी जुळणी) करून जोडीदार न सापडलेल्या ओळी नियमित तपासाव्यात आणि रेकॉर्ड काढणे व त्याच्या टिपा काढणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा व्यवहारात) ठेवावे.