विधानसभेच्या निकालाला आव्हान द्यायचंय? कुणी, कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांसह

निकाल लागला की आठवडाभर पारावर एकच विषय असतो: मशीन, टपाली मतं आणि शेवटच्या फेरीत फिरलेलं लीड. मग चर्चा विरते. पण कायद्याने दिलेल्या मुदती याच दिवसांत धावत असतात. मोजणीच्या दिवशीची संधी तर काही मिनिटांची असते.

महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१, म्हणजे तिघांच्या मिळून २३० जागा. बहुमताचा आकडा १४५. एवढ्या फरकात एखाद्या जागेचा निकाल फिरला तरी सरकारला धक्का लागत नाही. उमेदवाराचं गणित मात्र वेगळं. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८, बेलापूरचा ३७७. आणि सभागृह काठावर असेल तर अशी एकेक जागा सत्तेचा हिशेब बदलते. मध्य प्रदेशात २०१८ ला बहुमताला ११६ हवे होते. काँग्रेसला ११४ मिळाल्या, भाजपला १०९. त्यातली ग्वाल्हेर दक्षिणची जागा भाजपच्या हातून अवघ्या १२१ मतांनी गेली होती.

आव्हानाचे मार्ग तीन आहेत. प्रत्येकाचा अर्ज, अधिकारी आणि मुदत वेगळी. बरेच जण पहिला सोडतात, दुसऱ्यावर पैसे घालतात आणि तिसऱ्याला उशीर करतात.

मोजणी केंद्रातली फेरमोजणी

सगळ्या फेऱ्या संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० मध्ये उमेदवारनिहाय मतं भरून ती जाहीर करतात. तिथून त्या नमुन्यावर सही होईपर्यंतचा वेळ तुमचा. अर्ज उमेदवाराने करायचा. तो हजर नसेल तर त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा मतमोजणी प्रतिनिधीने. साधा कागद चालतो, पण अर्ज लेखी हवा आणि त्यात कारण हवं. ‘आम्हाला संशय आहे’ हे कारण होत नाही. ‘अमुक केंद्राच्या नमुना १७ सी मधली (म्हणजे त्या केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबातली) एकूण मतं आणि यंत्रावर दिसलेली एकूण मतं यांत इतका फरक आहे’ हे कारण होतं. म्हणून मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून मिळणारी १७ सी ची प्रत प्रत्येक प्रतिनिधीकडून गोळा करून ठेवायची असते. ज्या उमेदवाराची ही फाईल अर्धवट, त्याच्या हातात मोजणीच्या दिवशी काहीच नसतं.

अर्ज पूर्ण मान्य करायचा, अंशतः मान्य करायचा की फेटाळायचा हे अधिकारी ठरवतात, पण निर्णय लेखी आणि सकारण द्यावा लागतो. तो कागद हट्टाने मागून घ्या, पुढे न्यायालयात लागतो. याच टप्प्यावर ठरावीक केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्रातून छापून पडणाऱ्या) मोजण्याची मागणीही करता येते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या एरवीही मोजल्या जातात. ही मागणी त्याहून वेगळी. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत तफावत निघाली तर चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो. एकदा नमुना २० वर सही झाली की हा मार्ग बंद.

यंत्राची तपासणी

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालातून हा मार्ग निघाला. अर्ज फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला करता येतो, तोही निकालानंतर ७ दिवसांत, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्क्यांपर्यंत यंत्रसंच तपासून घेता येतात. कोणते, ते मतदान केंद्राच्या किंवा यंत्राच्या क्रमांकानिशी अर्जात लिहायचं. खर्च अर्जदाराचा, यंत्रात छेडछाड आढळली तर रक्कम परत मिळते. २०२४ मध्ये एका संचाचा दर ४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० होता. ३०० केंद्रांच्या मतदारसंघात ५ टक्के म्हणजे १५ संच, आणि बिल ७ लाख ८ हजार. २०२५ मध्ये या कार्यपद्धतीत बदल झाले आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी चालू दर जिल्हा कार्यालयातून लेखी घ्या.

इथे मोठा गैरसमज आहे. या तपासणीत मतदारांनी दिलेली मतं पुन्हा मोजली जात नाहीत. यंत्राची आतली मेमरी बदललेली आहे का हे तपासतात आणि चाचणी मतदान घेऊन यंत्र बरोबर चालतं का ते पाहतात. ज्याला मतांची फेरमोजणी हवी आहे त्याने इथे पैसे घालून उपयोग नाही. शिवाय निकालानंतरचे ४५ दिवस संपल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही, आणि दरम्यान निवडणूक याचिका (पुढचा मार्ग) दाखल झाली तर न्यायालयाची परवानगी लागते.

निवडणूक याचिका

निकाल खरोखर रद्द करू शकणारा मार्ग हा एकच. राज्यघटनेचं कलम ३२९ आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ सांगतात की निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने देता येतं. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, आयोगाला ईमेल, उपोषण यांनी निकाल बदलत नाही.

पात्रता अनेकांना वाटते त्यापेक्षा सैल आहे. त्या निवडणुकीतला कोणताही उमेदवार याचिका करू शकतो, मग त्याची अनामत जप्त झालेली का असेना. त्या मतदारसंघात मत देण्याचा हक्क असलेला कोणताही मतदारही करू शकतो, त्याने मत दिलं नसलं तरी. पक्षाला मात्र स्वतःच्या नावाने याचिका करता येत नाही. सत्ता पक्षाची जाते, पण न्यायालयात उभं राहावं लागतं माणसालाच.

मुदत ४५ दिवसांची, निवडून आल्याची घोषणा झाली त्या तारखेपासून. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालांसाठी ती ७ जानेवारी २०२५ ला संपली. उशीर माफ करण्याची सोय या कायद्यात नाही. आजारपण, वकील बदलला, कागद मिळाले नाहीत, काहीही सांगा. आणि याचिका स्वतः हजर राहून सादर करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे वकिलाच्या हाती पाठवून घरी बसायचं नाही.

दाखल करायची उच्च न्यायालयात. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी मुंबई उच्च न्यायालय. मतदारसंघ मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की गोवा खंडपीठाच्या हद्दीत येतो ते पाहायचं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातल्यांनी आणि तळकोकणातल्यांनी निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

कागदपत्रं अशी:

- मूळ याचिका: महत्त्वाच्या तथ्यांचं थोडक्यात निवेदन, सही आणि सत्यापनासह (मजकूर खरा असल्याच्या लेखी ग्वाहीसह)
- जितके प्रतिवादी तितक्या प्रती, प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही
- भ्रष्ट आचरणाचा (लाच, धर्माच्या नावाने मतं मागणं असे गैरप्रकार) आरोप असेल तर नमुना २५ मधलं प्रतिज्ञापत्र आणि तपशील: कोणी, कुठे, कोणत्या तारखेला
- उच्च न्यायालयात २,००० रुपये सुरक्षा ठेव भरल्याची पावती
- पुरावे: नमुना २०, १७ सी च्या प्रती, फेरमोजणीच्या अर्जावरचा आदेश, विजयी उमेदवाराचं उमेदवारी अर्जासोबतचं नमुना २६ मधलं शपथपत्र

प्रतिवादी कोण, यावर अनेक याचिका आपटतात. फक्त निकाल रद्द करा एवढीच मागणी असेल तर विजयी उमेदवार पुरतो. ‘आणि मला निवडून आल्याचं जाहीर करा’ हे वाक्य जोडलंत की निवडणूक लढवलेल्या झाडून सगळ्यांना प्रतिवादी करावं लागतं, २०-२५ अपक्षांसह. ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप आहे तोही हवाच. मुदत, प्रतिवादी आणि ठेव या तीन गोष्टींत चूक झाली तर याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला पर्याय नसतो. त्यामानाने प्रतिज्ञापत्रातला दोष नंतर दुरुस्त होऊ शकतो.

आता कारणं. विजयी उमेदवार अपात्र होता, भ्रष्ट आचरण झालं, कुणाचा तरी उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला गेला: यातलं एक सिद्ध झालं तरी पुरतं. मतं चुकीने स्वीकारली किंवा नाकारली, नियम मोडले, अर्ज चुकीने स्वीकारला, या कारणांत मात्र त्यामुळे निकालावर परिणाम झाला हेही दाखवावं लागतं. गुजरातच्या धोळका मतदारसंघात २०१७ ला भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी जिंकले होते आणि ४२९ टपाली मतं बाद झाली होती. बाद मतं फरकापेक्षा जास्त, म्हणून मुद्दा टिकला आणि उच्च न्यायालयाने १२ मे २०२० ला निवडणूक रद्द केली. उलट मुंबई वायव्य लोकसभेत ४८ मतांनी हरलेल्या उमेदवाराची याचिका डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुरुवातीलाच फेटाळली, कारण त्रुटींमुळे निकाल नेमका कसा बदलला याची ठोस मांडणी तिच्यात नव्हती. फरक कमी आहे, एवढ्यावर भागत नाही.

पुराव्यासाठी ४५ दिवस फार थोडे आहेत. उमेदवाराच्या खर्चाचे हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे येतात आणि ते नियमानुसार एक रुपया शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. कुणी पाहत नाही, हा भाग वेगळा. मतदारांच्या सह्यांची नोंदवही म्हणजे १७ ए सीलबंद असते, ती न्यायालयाच्या आदेशानेच उघडते. निवडणुकीचे कोणते कागद कुणाला पाहता येतात हे सांगणारा नियम ९३ डिसेंबर २०२४ मध्ये बदलला, त्यामुळे निवडणुकीच्या चित्रीकरणासारख्या गोष्टी मागितल्या की मिळतील असं धरून चालू नका. मे २०२५ च्या सूचनेनुसार याचिका नसेल तर ते चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येतं.

निवडून आल्यावर आमदाराने पक्ष बदलला, ही तक्रार इथे चालत नाही. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात सत्तेची जी उलथापालथ झाली तो राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा विषय होता. तिथली अपात्रतेची याचिका विधानसभा अध्यक्षांपुढे जाते.

दाखल झाल्यानंतर

याचिका प्रलंबित असताना आमदार आमदारच राहतो, विश्वासदर्शक ठरावावर मतही देतो. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. विलेपार्ल्याची डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक आठवा: धर्माच्या नावाने मतं मागितल्याबद्दल रमेश प्रभू यांची निवड १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द ११ डिसेंबर १९९५ ला आला. तोवर विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. पण निकाल कागदापुरता राहिला नाही. त्याच प्रकरणातून पुढे प्रभूंच्या प्रचारात भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला.

दोन्ही बाजूंनी मांडवली करून याचिका गुपचूप मागे घेता येत नाही. त्यालाही न्यायालयाची परवानगी लागते आणि मिळाली तरी दुसरा कुणी पात्र माणूस याचिकाकर्ता म्हणून पुढे येऊ शकतो. उच्च न्यायालयाच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, ३० दिवसांत. चुडासमांनी त्यातले तीनच वापरले: १५ मे २०२० ला त्यांना स्थगिती मिळाली आणि ते मंत्रिपदावर कायम राहिले.