घाटात गाडी का उकळते?

मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकी घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतातच. दोष उन्हाला दिला जातो. ऊन असतंच, पण खरी गोम चढणीत आहे. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना इंजिन भरपूर इंधन जाळतं आणि रेडिएटरला वारा मात्र लागत नाही. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगात जे काम वारा फुकट करतो, ते इथे एकट्या पंख्यावर पडतं.

ढोबळ हिशेब असा, की पेट्रोलच्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश गाडी ओढायला लागते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनच्या धातूत मुरते. सिलिंडरमधला जळता वायू क्षणभर 2000 अंश सेल्सियसच्याही वर जातो. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरचा भाग, शाबूत राहतं, ते त्याच्या पोटातून सतत पाणी खेळतं म्हणून. पंप हे पाणी फिरवतो, रेडिएटरच्या चपट्या नळ्या आणि पातळ पत्र्या त्यातली उष्णता हवेला देतात. वाटेत थर्मोस्टॅट बसलेला असतो. त्यातलं मेण 80 ते 90 अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. ‘गाडी तापते’ म्हटलं की तो काढूनच टाकणारे मेकॅनिक अजूनही भेटतात. मग इंजिन नीट गरम होत नाही आणि अॅव्हरेज पडतं.

पण या सगळ्यात माझ्या मते सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. 1888 साली मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ जर्मनीत मानहाइमहून प्फोर्झहाइमला मोटार घेऊन गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं, कारण ते उकळून उडून जात होतं. आजच्या गाडीत ते बंदिस्त असतं, आणि तत्त्व प्रेशर कुकरचंच. झाकणातली स्प्रिंग बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तितका) जास्त दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पाण्यात निम्मं कूलंट (ग्लायकॉलचं द्रव) मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. उघड्या भांड्यातलं पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 अंशांनाच उकळतं, म्हणजे झाकण नसतं तर वर पोचेपर्यंत गाडीने दमच टाकला असता.

गंमत म्हणजे नुसतं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण ते लवकर उकळतं, गंज धरतं, आणि बोअरचं असेल तर नळ्यांत क्षारांचा थर बसवतं. हा थर उष्णता अडवतो.

झाकणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन थंड झालं की पाणी आकसतं, तेव्हा ही झडप बाजूच्या बाटलीतून पाणी परत ओढून घेते. सकाळी रेडिएटरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर ही झडप अडकली आहे का ते आधी बघावं. झाकण स्वस्त असतं. रबर कडक झालं असेल तर सरळ बदलावं.

तापलेल्या गाडीचं झाकण का उघडू नये, हेही यातूनच कळतं. समजा आत 110 अंशांचं पाणी आहे. झाकण फिरवल्याबरोबर दाब जातो आणि ते तत्क्षणी 100 अंशांवर येऊ पाहतं. त्या दहा अंशांच्या उष्णतेत लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला किरकोळ, पण तिचं आकारमान 30 लिटरच्या आसपास भरतं, आणि बाहेर येताना ती उकळतं पाणी घेऊनच येते. इंजिन बंद करावं आणि वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबावं. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो.

आणि वर चढलेला टेंपरेचरचा काटा चढणीवरच अचानक खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि खोटंच कमी तापमान दाखवू शकतो. तेव्हा आधी गाडी बाजूला घ्या.