पेरूचा वास कुठून आला?

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत टेस्टिंगला उभं राहा. ओतणारा मुलगा ग्लास गोल फिरवतो, नाकाशी नेतो आणि विचारतो, "पेरूचा वास येतोय का?" तोवर कुणालाच काही आलेलं नसतं. त्यानं विचारलं की सगळ्या टेबलाला पेरू येतो. अननस म्हणाला असता तर बहुधा अननस आला असता. यात कुणी ढोंग करत नाही. काही वाईनमध्ये पेरूची आठवण करून देणारी गंधकयुक्त संयुगं असतातही. पण नाकाला दिशा दाखवली ती त्या प्रश्नानं. जाहिरातही बरंचसं काम असंच करते.

फ्रान्समध्ये बोर्दोला वाईनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर असाच एक प्रयोग झाला. पांढऱ्या वाईनमध्ये बेचव लाल रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्या वाईनच्या वासाचं वर्णन करताना या विद्यार्थ्यांनी लाल वाईनला लावतात तेच शब्द वापरले. शिकाऊ जाणकारांची ही गत, तर रविवारी सहलीला आलेल्या आपल्यासारख्यांचं काय घेऊन बसलात!

किमतीचाही हाच खेळ. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाईन पाजली. पाच वेगवेगळ्या वाईन आहेत असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तीनच होत्या. पाच डॉलरची वाईन एकदा खऱ्या किमतीनं दिली आणि एकदा ४५ डॉलर सांगून. महाग सांगितलेली जास्त आवडली, हे अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे. सुख नोंदवणारा मेंदूच्या पुढच्या भागातला पट्टाही तेव्हा जास्त जागा झालेला दिसला. चवीची प्राथमिक नोंद घेणाऱ्या भागात मात्र फरक नव्हता. म्हणजे जिभेकडून आलेला निरोप तोच होता. त्याचा आनंद किती मानायचा, हे किमतीनं ठरवलं. पुढे किंमत न सांगता त्याच वाईन दिल्या, तेव्हा आवडीतला हा फरक उरला नाही.

"जाहिरात बघून मी काही घेत नाही," असं म्हणणारे आपण इथेच फसतो. जाहिरात आपल्याशी वाद घालून आपल्याला पटवते, अशी आपली समजूत असते. आणि पटलं नाही की आपण सुटलो असं वाटतं. पण ती बरंचसं काम पटवण्याच्या वाटेनं करतच नाही. वस्तू हातात येण्याआधी अपेक्षा तयार करून ठेवली की तिचं भागतं. टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. म्हणून द्राक्षबागेची सहल, द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम, सूर्यास्ताचे फोटो. माझ्या मते ही अख्खी सहलच जाहिरात आहे, आणि टीव्हीवरच्या अर्ध्या मिनिटापेक्षा कितीतरी भारी.

आपल्यावर परिणाम झाला हे आपल्याला कळत का नाही, याचं एक झकास उदाहरण १९९७ साली प्रसिद्ध झालं. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाईनच्या फळीपाशी एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत असं आलटून पालटून लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवसांत फ्रेंच वाईनच्या ४० बाटल्या गेल्या, जर्मन ८. जर्मन संगीत लागलं तेव्हा फ्रेंच १२ आणि जर्मन २२. गिऱ्हाइकांना विचारलं, तर ४४ पैकी जेमतेम सहा जणांनी संगीताचा परिणाम कबूल केला. बाकीचे खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नुसतं पुन्हा पुन्हा दिसणंही पुरतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी-वर्तमानपत्रांत 'नानसोमा', 'इकतिताफ' असले निरर्थक शब्द काहीही खुलासा न करता छापले; काही एकदोनदा, काही वरचेवर. नंतर विचारलं, तर जास्त वेळा दिसलेल्या शब्दांचा अर्थ काहीतरी चांगला असावा, असं विद्यार्थ्यांना वाटलं. नाशिकच्या द्वारका चौकातलं होर्डिंग आपण वाचत नाही म्हणून ते वाया गेलं असं समजू नये.

तरीही जाहिरात म्हणजे चेटूक नव्हे. अमेरिकेतल्या २८८ ब्रँडच्या टीव्ही-जाहिरातींचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात विक्रीवरचा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत अगदीच किरकोळ निघाला. कुठे चालते आणि कुठे नाही, हा खरा प्रश्न आहे. मिसळीच्या बाबतीत नाशिककराला पोस्टर दाखवून कुणी गंडवून दाखवावं! पहिल्या घासातच निकाल लागतो. जिथे निकाल आपल्याला लावता येत नाही, तिथे जाहिरातीला मोकळं रान मिळतं. डोकेदुखीच्या गोळ्यांबद्दल २०१५ साली अमेरिकेत असंच दिसलं. सामान्य गिऱ्हाईक १०० पैकी २६ वेळा महागडा नामांकित ब्रँड घेत होतं, फार्मासिस्ट मात्र फक्त ९ वेळा. आतलं औषध तेच आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

हाच फरक बघायला नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जावं. डावणीचं, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचं, औषध घ्यायला आलेला जुना बागायतदार पुडा उलटा करून आधी विचारतो, "कंटेंट काय आहे?" मॅन्कोझेब हे बुरशीनाशक असेल, टक्केही तेच असतील, तर तो दोन कंपन्यांचे भाव विचारतो आणि स्वस्तातलं उचलतो. शेजारच्या फळीवर मणी फुगवणारी, घडाला चकाकी आणणारी टॉनिकं असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या बाटलीवर 'समुद्री शेवाळाचा अर्क' किंवा 'अमिनो आम्लं' यापलीकडे फारसं काही कळत नाही. मणी फुगला तो टॉनिकनं, पाण्यानं की हवामानानं, हे एका हंगामात एका बागेवरून सांगता येत नाही. दुकानातली सगळ्यात मोठी, टपोऱ्या घडांची रंगीत पोस्टरं त्याच फळीच्या वर लावलेली असतात.